होडीचे यंत्र आणि त्याचा आवाज

ज्या लातूर शहरास २०१६ साली आगगाडीने पिण्याचे पाणी पुरवावे लागले, त्याच जिल्ह्यातील अहमदपुरात बसून होडीच्या यंत्रावर लेख लिहावा, याचे कोणाही वाचकास हसू येणे साहजिक आहे. महोत्सवाच्या स्मरणिकेत हा विषय कोठून आला, असेही कोणी विचारील. तरी त्यास कारण घडले, ते प्रथम सांगतो.

काही दिवसांपूर्वी एक तरुण माझ्याकडे आला. त्याच्या नात्यातील मंडळी मन्याड नदीवरील लिंबोटी धरणाच्या पाण्यात मासे धरतात. आजवर थर्माकोलचे चप्पू आणि वल्हे यांवर त्यांचे भागत असे. आता त्यांनी एक जुनी होडी आणि तिच्या मागे टांगावयाची जुनी मोटार विकत घेतली होती. तरुण म्हणाला, "फादर, बुलेटचा सायलेन्सर बदलून जसा आवाज काढतात, तसा या होडीच्या मोटारीला काढता येईल का? सगळ्या धरणावर घुमला पाहिजे." मी म्हणालो, "आवाज मोठा करता येईल. पण तो बुलेटसारखा होणार नाही, आणि तो का करू नये हे सांगावयास मला थोडा वेळ लागेल." तो वेळ मला त्या दिवशी मिळाला नाही. तेव्हा जे तोंडी सांगावयाचे राहिले, ते येथे लिहीत आहे.

आपल्या भाषेने यंत्रांना नावे देताना मोठी गंमत केली आहे. वाफेच्या जहाजात आग दिसली, म्हणून त्यास आगबोट म्हटले. आणि मोटारसायकलीचा धूर ज्या नळीतून बाहेर पडतो तिचा आवाज कानी आला, म्हणून तिला फटफटी म्हटले. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या लेखी त्या गाडीची मुख्य ओळख तिची चाके नव्हत, वेगही नव्हे, तर तिचा आवाज होता. आता आवाज हीच ओळख ठरली, म्हणजे पुढे 'जितका आवाज मोठा तितकी गाडी जोरकस' असा समज होण्यास कितीसा वेळ लागणार? हा समज खरा की खोटा, याचा निकाल यंत्राच्या इतिहासातच मिळतो.

प्रथम हा आवाज होतो कसा, ते पाहू. सिलिंडरात इंधनाचा भडका उडतो, दट्ट्या खाली ढकलला जातो, आणि मग धूर बाहेर जाण्याचे दार उघडते. त्या वेळी आतील वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ अधिक असतो. तो एकदम मोकळा झाला म्हणजे बाहेरच्या हवेस धक्का बसतो; तोच धक्का आपल्या कानाला 'फट्' असा ऐकू येतो. फुगा फुटला की जे घडते तेच येथे क्षणोक्षणी घडत असते. तेव्हा हा आवाज म्हणजे यंत्राचे बळ नव्हे. काम होऊन गेल्यावर उरलेला दाब वाया जाताना जी आरोळी देतो, ती ही आरोळी होय.

आता इतिहासाकडे वळू. पुष्कळांना आश्चर्य वाटेल, पण होडीच्या मागे लावावयाचे पहिले यंत्र मुळी आवाज करणारे नव्हतेच. मे १८८१ मध्ये फ्रान्समधील गुस्ताव त्रूव्हे नावाच्या संशोधकाने पॅरिस शहरातील सेन नदीवर एक लहान होडी चालवून दाखविली. त्याने सुकाणूवरच विजेची मोटार बसविली होती, तिच्याखाली पाण्यात फिरणारा पंखा होता, आणि वीज होडीत ठेवलेल्या बॅटरीतून येत होती. यंत्र होडीवरून उचलून काढता येई. धूर नाही, भडका नाही, फटफट नाही. परंतु त्या काळच्या बॅटऱ्या जड व अल्पायुषी असल्यामुळे ही युक्ती लोकांच्या हाती पोहोचली नाही.

पुढचे पाऊल अमेरिकेत पडले, आणि ते फटफटीतूनच निघाले. कॅमेरॉन वॉटरमन हा येल विद्यापीठाचा कायद्याचा विद्यार्थी. आपल्या मोटारसायकलीचे यंत्र साफ करण्यासाठी त्याने ते खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवले होते. ते पाहता पाहता, हेच यंत्र होडीच्या मागच्या फळीला का अडकवू नये, असे त्याच्या मनात आले, अशी कथा सांगतात. १९०५ साली त्याने तसे यंत्र करून पाहिले आणि पुढील एक-दोन वर्षांत ते बाजारात आणले. त्यानंतर १९०९ साली नॉर्वेत जन्मलेल्या व अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिनरूड या कारागिराने आपले यंत्र विक्रीस काढले. त्याची शक्ती अवघी दीड अश्वशक्ती व वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो होते. त्याच्या पत्नीस ते प्रथमदर्शनी कॉफी दळण्याच्या यंत्रासारखे दिसले, असे म्हणतात. परंतु याच बाईने धंद्याचा पत्रव्यवहार व जाहिराती सांभाळून ते यंत्र दूरदूर पोहोचविले. वल्ही मारून दमणाऱ्या सामान्य माणसास या यंत्राने मोठाच हात दिला, यात संशय नाही. मात्र त्याबरोबर, जी तळी व नद्या तोपर्यंत शांत होत्या, तेथे फटफट सुरू झाली.

आवाज कमी करण्याचा उद्योगही याच सुमारास चालू होता. १८९७ साली अमेरिकेतील रीव्हज बंधूंनी यंत्राचा धूर शांतपणे बाहेर सोडणाऱ्या नळकांड्याचे पेटंट घेतले. १९०९ साली हायरम पर्सी मॅक्सिम याने बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या साधनाचे पेटंट मिळविले आणि तेच तत्त्व पुढे निरनिराळ्या यंत्रांच्या धुराड्यांस लावले. या गृहस्थाचे वडील म्हणजे मॅक्सिम यंत्रतोफेचे जनक. बापाने जगास तोफेची धडधड दिली, मुलाने ती थोपविण्याची कला दिली. इतिहास असे योग अधूनमधून जुळवीत असतो. या सर्व साधनांचे तत्त्व एकच: दाबलेल्या वायूस एकदम उघड्यावर सोडू नये, त्यास आधी मोठ्या पोकळीत पसरू द्यावे, आडपडद्यांतून वळवावे, थंड होऊ द्यावे, आणि मग दारातून बाहेर काढावे. रागावलेल्या माणसास घराबाहेर जाण्यापूर्वी ओसरीवर घटकाभर बसविण्यासारखेच हे आहे.

होडीच्या यंत्रास तर निसर्गानेच एक मोठी सोय दिली, ती म्हणजे खालचे पाणी. यंत्र थंड ठेवण्यासाठी एक लहानसा पंप खालून पाणी वर ओढतो. ते पाणी यंत्राभोवती फिरून आले की धुराच्या वाटेत सोडतात. धूर निवतो, आकसतो आणि त्याचा धक्का मंदावतो. मग तो यंत्राच्या लांब पायातून खाली उतरून पाण्याखाली, पुष्कळ यंत्रांत पंख्याच्या मध्यातूनच, बाहेर पडतो. होडी मंद चालत असता धुरास एवढे पाणी रेटण्याचे बळ नसते. म्हणून पाण्याच्या पातळीच्या वर एक लहान छिद्र ठेवलेले असते. उभ्या होडीतून जो गुळगुळ आवाज येतो तो या छिद्राचा. यंत्राच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार सतत पडत असते. ती पंप चालू असल्याची खूण. अनुभवी नावाडी आधी त्या धारेकडे पाहतो, मग पुढे पाहतो.

येथे कोणी म्हणेल, "धूर अडविला म्हणजे यंत्राचा श्वास कोंडला, नळी मोकळी केली तर शक्ती वाढेल." हा युक्तिवाद वरवर बरोबर दिसतो, पण जुन्या धाटणीच्या टू-स्ट्रोक यंत्रांच्या बाबतीत तो नेमका उलटा आहे. १९५० नंतरच्या दशकात पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचे वाल्टर काडेन यांनी शर्यतीच्या मोटारसायकलींवर हे सिद्ध केले. धुराबरोबर नळीत शिरणारी दाबाची लाट नळीच्या आकारानुसार परत फिरते. नळीची लांबी व फुगवटा योग्य ठेवला, तर परत आलेली लाट सिलिंडरातून निसटू पाहणाऱ्या ताज्या इंधनास पुन्हा आत लोटते. एवढ्याच हिशोबावर, १९६१ सालापर्यंत, १२५ घनसेंटीमीटरच्या चिमुकल्या यंत्रातून सुमारे २५ अश्वशक्ती निघू लागली. त्याच वर्षी काडेन यांचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला आणि ही विद्या जपानच्या सुझुकी कंपनीपर्यंत पोहोचली. तात्पर्य, धुराची नळी हा यंत्राला जोडलेला निरुपयोगी शेपटा नव्हे. तो यंत्राचाच अवयव आहे. हिशोबाने बसविलेली नळी कापणारा मनुष्य बहुधा शक्ती घालवितो आणि आवाज कमावितो.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. १९५५ सालापासून मद्रासेत तयार होऊ लागलेल्या बुलेटचा तो प्रसिद्ध ठेका नुसत्या सायलेन्सरमुळे आलेला नाही. तिला सिलिंडर एकच, आणि फोर-स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत भडका एकदाच. यंत्र मिनिटास ९०० फेरे घेत असेल, तर मिनिटास ४५० भडके, म्हणजे सेकंदास सात-आठ. इतके ठोके कानाला सुटे सुटे मोजता येतात, म्हणून त्यात ताल वाटतो. होडीची दोन सिलिंडरांची टू-स्ट्रोक मोटार मिनिटास ४,५०० फेरे घेत असता प्रत्येक फेऱ्यात दोन भडके उडविते. म्हणजे सेकंदास १५०. एवढे ठोके कान वेगळे करू शकत नाही. त्याला एकच अखंड भणभण ऐकू येते. नळी उघडली तर ती भणभण मोठी होईल, पण तिचा 'धक् धक्' कधीही होणार नाही. गाढवाच्या गळ्यात घंटा बांधली म्हणून त्याचा हत्ती होत नाही.

आणि ही भणभण मिळविण्यासाठी किंमत काय मोजावी लागते? कोणी आवरणास भोके पाडतात, कोणी आतली नळी आखूड करतात, कोणी वरचे लहान छिद्र मोठे करतात. नळी आखूड झाली, तर पाणी उलट चढून सिलिंडरापर्यंत जाण्याचा धोका. भोक भलत्या जागी पडले, तर धुराचे बुडबुडे पंख्यात शिरतात. पंख्याची पाण्यावरील पकड सुटते आणि यंत्र नुसतेच किंचाळू लागते. धूर पाण्याच्या वर सुटला, तर वाऱ्याबरोबर तो होडीत बसलेल्यांवरच येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास वास नाही, रंग नाही, आणि छत किंवा ताडपत्री लावलेल्या होडीत तो जीवघेणा ठरू शकतो. शिवाय ८५ डेसिबलपेक्षा अधिक आवाजात रोज आठ-आठ तास काम करणाऱ्याचे कान हळूहळू जातात. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

जमिनीपेक्षा पाण्यावर आवाज दूर जातो, हे तर आपण सर्वांनी अनुभविले आहे. सपाट पाण्यावर त्यास अडविणारे काही नसते. आणि संध्याकाळी पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड झाली की आवाज वर न जाता खाली वाकून पलीकडच्या काठापर्यंत पोहोचतो. त्या काठावर कोणाचे घर असते, कोणी आजारी असते, कोणी लेकरू नुकतेच झोपी गेलेले असते. पाण्याच्या खालीही श्रोते आहेतच. पाण्यात आवाज सेकंदास सुमारे १,५०० मीटर धावतो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक. रोहू, कटला, मृगळ हे आपल्या धरणांतील मासे ज्या कुळातील आहेत, त्या कुळात पोटातील हवेची पिशवी व कान यांना जोडणारी लहान हाडांची साखळी असते. जर्मन शास्त्रज्ञ वेबर यांनी १८२० साली तिचे वर्णन केले. ही साखळी त्यांचा कान तीक्ष्ण करते. ज्याच्या पोटासाठी जाळे टाकावयाचे, त्याने माशांना आधीच दवंडी पिटून सावध करावे, हा कोठला शहाणपणा?

परंतु माझ्या मनात सर्वांत मोठे कारण याहून वेगळे आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही आगबोट वादळात उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे समुद्रात गेली. जी वाचली, त्यांतील पुष्कळांना किनाऱ्यावरील कोळी बांधवांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. अलीकडचे उदाहरण आपल्या उंबरठ्यावरचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात अतिवृष्टी होऊन हसनाळसारखी गावे पाण्याने वेढली गेली, माणसे दगावली, आणि बचावपथकांना धावून जावे लागले. अशा वेळी पुरात उतरणाऱ्या रबरी होडीच्या मागे जे यंत्र असते, ते हेच टांगावयाचे यंत्र. रात्रीच्या अंधारात, गढूळ पाण्यात, झाडाला किंवा छपराला धरून बसलेल्या माणसाजवळ दिवा नसतो, दोर नसतो; त्याच्याजवळ फक्त आवाज असतो. त्याची हाक हाच त्याचा दोर. ती ऐकणारा कान होडीत असेल, तरच तो दोर कोणाच्या तरी हाती लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप ज्यांनी पाहिला, त्यांना हे अधिक सांगावयास नको. ढिगाऱ्याखालील माणूस शोधणाऱ्यांची रीतच अशी आहे की, मधूनमधून सर्व यंत्रे थांबवावयाची, सर्वांनी गप्प राहावयाचे, आणि ढिगाऱ्यास कान लावावयाचा. ती शांतता म्हणजेच कित्येकांचे आयुष्य.

कायद्यानेही हे ओळखले आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक मोटार वाहनास आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, असे सांगतो. आणि १९८८ च्या मूळ कायद्याचे ५२ वे कलम गाडीत मनास येईल तसा फेरफार करण्यास मनाई करते. २००० साली आलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागास दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर भर रस्त्यात रोलरखाली चिरडले, ती दृश्ये आपण पाहिली आहेत. युरोपात होड्यांच्या यंत्रांसही २००३ च्या निर्देशाने शक्तीनुसार ६७, ७२ व ७५ डेसिबल अशा मर्यादा ठरवून दिल्या.

कायदा येण्याची वाट न पाहता कारागीरही याच दिशेने चालत होते. होंडा कंपनीने १९६४ साली होडीसाठी फोर-स्ट्रोक यंत्र आणले. ते कमी धूर व कमी आवाज करणारे होते. पुढे इतरांनीही तीच वाट धरली. आणि आपल्या देशात जानेवारी २०१७ मध्ये केरळातील वैकम येथे 'आदित्य' ही सूर्याच्या विजेवर चालणारी प्रवासी नौका सुरू झाली. ७५ माणसे घेऊन ती धुराशिवाय व फटफटीशिवाय पाणी कापते. म्हणजे त्रूव्हेने १८८१ साली जेथून आरंभ केला, तेथेच सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपण परत येत आहोत. मधल्या काळात शेकडो बुद्धिमान माणसांनी आपले आयुष्य वेचले, ते यंत्र अधिक जोरकस आणि त्याच वेळी अधिक शांत करण्यासाठी. एका ड्रिल मशीनने पाच मिनिटांत त्यांचे काम उलटविता येते. परंतु त्यास पराक्रम म्हणता येत नाही.

असो. तो तरुण वाईट नाही, हे मुद्दाम सांगतो. वीस वर्षांच्या माणसास आपण आल्याचे जगास कळावे असे वाटते, यात दोष नाही. मला त्यास एवढेच सांगावयाचे आहे: बाबा रे, तुझी मोटार नीट धुऊन पुसून ठेव. पंपातील रबराची पाती झिजली असतील तर बदल. धार बारीक झाली तर होडी काठाला आण. धुराच्या वाटेला मात्र हात लावू नकोस. पाऊस फार झाला आणि एखाद्या रात्री मन्याडकाठच्या कोणी हाक मारली, तर गावात यंत्राची होडी असलेला माणूस तूच असशील. त्या रात्री धरणावर तुझा आवाज घुमला की नाही, हे कोणी विचारणार नाही. तुला हाक ऐकू आली की नाही, हेच विचारतील. शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा आरंभ पुष्कळदा त्याचे ऐकू येईल इतके शांत राहण्यातच असतो.